उभा रिफ्लेक्टर पळतो कसा? रडार रिसीव्हरमधली सिंथेसायझरची फेज

दोलायमान

मंडळी, एका प्रायोगिक एक्स बँड पल्स डॉपलर रडारच्या रिसीव्हरवर काम चालू आहे आणि गाडी एका जागी रुतली आहे. जाणकारांनी हात द्यावा.

रचना अशी. प्रेषण १० ते १०.२ गिगाहर्ट्झमध्ये, १ मायक्रोसेकंदाची पल्स, दर १०० मायक्रोसेकंदांनी एक, म्हणजे पीआरएफ (सेकंदाला किती पल्स) १० किलोहर्ट्झ. ट्रान्समीटर बोर्डावर १ गिगाहर्ट्झ क्लॉकवर चालणारा डीडीएस (आकड्यांतून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा तरंग घडवणारी चिप) आहे. तो १३०, १३५, १४०, १४५ मेगाहर्ट्झ अशा चार फ्रिक्वेन्सी देतो. त्या आठपट करून ९ गिगाहर्ट्झच्या स्थिर सिग्नलमध्ये मिसळतो. रिसीव्हर बोर्डावर तसाच दुसरा डीडीएस, साडेसात मेगाहर्ट्झ खाली चालणारा. आठपटीनंतर एलओ (रिसीव्हरच्या मिक्सरला दिलेला स्थानिक सिग्नल) प्रेषणापेक्षा ६० मेगाहर्ट्झ खाली राहतो आणि ६० ची आयएफ (मिक्सरनंतरची मधली फ्रिक्वेन्सी) मिळते. सगळ्याचं मूळ एकच १०० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ (स्थिर तापमानात ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर).

दर पल्सला फ्रिक्वेन्सी बदलतो, चार झाल्या की पुन्हा पहिली. एकाच फ्रिक्वेन्सीच्या पल्स वेगळ्या काढून, म्हणजे दर चौथी पल्स घेऊन, त्यांची एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) करतो.

आता गंमत. ६०० मीटरवर एक कॉर्नर रिफ्लेक्टर (सिग्नल आला तिकडेच परतवणारा धातूचा कोन) रोवून ठेवलाय. फ्रिक्वेन्सी एकच ठेवली तर तो शून्य डॉपलरवर, म्हणजे शून्य वेगावर, शहाण्यासारखा उभा राहतो. चार फ्रिक्वेन्सी सुरू केल्या की डॉपलरच्या सगळ्या खान्यांत पसरतो, कधी कधी तर चक्क पळतोय असं दिसतं. डीडीएस ही निवडच चुकीची का? पीएलएल (ऑसिलेटरला रेफरन्सशी बांधून ठेवणारा लूप) वापरायला हवं होतं का?

टांगा_पलटी

रिफ्लेक्टरला कुणी चाकं बसवली नाहीत ना, ते आधी बघून या. (हलकेच घ्या.)

वेव्हगाईड

डीडीएस, मग आठपट, मग मिक्सर, मग फिल्टर... एवढा पसारा कशाला? आठपट केल्यावर डीडीएसचे स्पर (नको असलेले टोकदार सिग्नल) १८ डेसिबलने वर येतात, ते वेगळंच. चांगला पीएलएल आणि व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) घ्या, थेट १० गिगाहर्ट्झ काढा. फेज डिटेक्टर १०० मेगाहर्ट्झवर चालवला तर एन (रेफरन्सच्या कितीपट ते) फक्त १०० च्या आसपास येतो, म्हणजे रेफरन्सच्या नॉइजवर ४० डेसिबल. −२२५ चा नॉर्मलाइज्ड फ्लोअर (पीएलएल चिपच्या स्वतःच्या नॉइजची तळपातळी) धरला तरी लूपच्या आत −१०५ डीबीसी (मुख्य सिग्नलच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ मिळेल. प्रायोगिक कामाला पुष्कळ झालं.

शेषशून्य

@वेव्हगाईड, हिशेब बरोबर, पण दर १०० मायक्रोसेकंदांनी उडी मारायची आहे हे विसरू नका. शंभरेक किलोहर्ट्झची लूप बँडविड्थ असलेला पीएलएल फेज (तरंग आवर्तनात कुठे पोचलाय ते) अंशभरात स्थिर होईपर्यंत काही दशक मायक्रोसेकंद खातो. ३० धरा. तेवढा वेळ पुढच्या पल्सआधी राखून ठेवावा लागेल, म्हणजे १५ किलोमीटरच्या पल्ल्यातले शेवटचे साडेचार किलोमीटर गेले. फ्रिक्वेन्सी लॉक झाली म्हणजे फेज बसली असंही नाही. लॉकचा दिवा आधी लागतो, फेज मागून रेंगाळत येते.

शिवाय १०० मेगाहर्ट्झ रेफरन्सवर ४० मेगाहर्ट्झचे टप्पे हवेत म्हणजे फ्रॅक्शनल (अपूर्णांकी) एन आलं. इंटिजर (पूर्णांकी) एन असेल आणि लूपबाहेर डिव्हायडर नसेल, तर परत त्याच फ्रिक्वेन्सीला आल्यावर फेज आपोआप जागेवर येते, कारण रेफरन्सच्या प्रत्येक कडेला आउटपुटची पूर्ण आवर्तनं झालेली असतात. लूपबाहेर दोनचा डिव्हायडर आला की ० किंवा १८० अंश, चारचा आला की चारांपैकी कुठलीही. फ्रॅक्शनलमध्ये सिग्मा डेल्टाचा (एन हलवत ठेवून सरासरीत अपूर्णांक साधणाऱ्या सर्किटचा) ॲक्युम्युलेटर कुठल्या क्षणी सुरू झाला त्यावर सगळं अवलंबून. तो दर वेळी ठरलेल्या क्षणी रिसेट केला नाही तर फेज लॉटरीच आहे.

नवखी

मूलभूत प्रश्न विचारते, राग मानू नका. फ्रिक्वेन्सी अचूक असेल तर फेजचं एवढं कौतुक कशासाठी? वेग फ्रिक्वेन्सीच्या बदलातूनच काढतो ना?

लंबक

प्रश्न अजिबात बाळबोध नाही.

१० गिगाहर्ट्झला १ मीटर प्रति सेकंद वेगाचा डॉपलर बदल ६६.७ हर्ट्झ. आपली पल्स १ मायक्रोसेकंदाची. तेवढ्यात ६६.७ हर्ट्झच्या एका आवर्तनाचा जेमतेम पंधरा हजारावा भाग होतो. एका पल्समध्ये हा बदल मोजणं अशक्य. म्हणून रडार काय करतं, तर प्रत्येक पल्सच्या प्रतिध्वनीची फेज टिपून ठेवतं आणि पुढच्या पल्सच्या फेजशी ताडून बघतं. १०० मायक्रोसेकंदांत १ मीटर प्रति सेकंदवाल्याची फेज २.४ अंशांनी सरकते. डॉपलर म्हणजे प्रत्यक्षात पल्सगणिक सरकणारी ही फेज. आता रिसीव्हरच्या एलओचीच फेज पल्सगणिक पाच-दहा अंश मनाला येईल तशी हलली तर हे २.४ अंश कुठे शोधणार?

एलओची फेज किती आहे याला काही महत्त्व नाही. ३७ अंश असो नाहीतर २१२. प्रत्येक पल्सला तीच असली पाहिजे, बस. पल्स ते पल्स फेजमधली अस्थिरता ०.००१ रेडियन असेल तर स्थिर वस्तूंचा प्रतिध्वनी फार तर ६० डेसिबलने खाली दाबता येतो, ०.०१ रेडियन, म्हणजे जेमतेम अर्धा अंश, झाली की ४० वर येतो.

जुन्या लोकांनी हे फार चतुराईने सोडवलं होतं. १९४० साली रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी) चालवून दाखवला, पण मॅग्नेट्रॉन प्रत्येक पल्सला वाटेल त्या फेजने सुरू होतो. मग रिसीव्हरमध्ये कोहो नावाचा ऑसिलेटर ठेवायचे आणि प्रत्येक पल्स सुटताना तिच्या नमुन्याने त्याची फेज बांधून घ्यायचे. पुढच्या पल्सपर्यंत कोहो ती फेज 'लक्षात' ठेवायचा. एलओचं काम स्टॅलोकडे, त्याने फक्त स्थिर राहायचं. पुढे क्लायस्ट्रॉन आणि टीडब्ल्यूटी (दिलेला सिग्नल वाढवणाऱ्या नळ्या) आले, प्रेषणच स्टॅलो आणि कोहोच्या बेरजेतून घडू लागलं आणि बांधाबांधी संपली.

@दोलायमान, यातच तुमचं उत्तर दडलेलं असावं. प्रेषण आणि एलओ एकाच सिंथेसायझरवरून काढले असते तर दर उडीनंतर त्याची फेज काहीही झाली तरी बिघडलं नसतं: जी फेज पल्सबरोबर बाहेर गेली तीच मिक्सरमध्ये वजा झाली असती. अट एवढीच, की प्रतिध्वनी त्याच पीआरआयमध्ये (दोन पल्समधल्या वेळात) परत यायला हवा. तुम्ही दोन वेगळे डीडीएस लावलेत. मग सांगा, नवा ट्यूनिंग वर्ड (फ्रिक्वेन्सी ठरवणारा आकडा) लागू करायचा इशारा दोघांना कोण देतं, आणि तो कुठल्या क्लॉकशी बांधलेला आहे?

दोलायमान

लंबककाका, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. इशारा कंट्रोलरच्या एका पिनवरून दोन्ही बोर्डांना जातो. कंट्रोलरचा क्रिस्टल वेगळा आहे. दोन्ही केबल सारख्या लांबीच्या आहेत, त्यामुळे इशारा दोघांना एकदमच पोचतो.

शेषशून्य

पोचतो एकदम, पण मान्य एकदम होत नाही! इथेच पाणी मुरतंय.

अशा डीडीएसमध्ये बाहेरून आलेला इशारा आतल्या सिंक क्लॉकवर पकडला जातो आणि तो बहुतेकदा सिस्टिम क्लॉकच्या एक चतुर्थांश असतो. म्हणजे तुमच्याकडे २५० मेगाहर्ट्झ, ४ नॅनोसेकंदांचा ठोका. इशारा वेगळ्या क्रिस्टलवरून येतोय म्हणजे तो ठोक्याच्या मधे कुठेही पडणार. ठोक्याच्या अगदी कडेला पडला की एक चिप तो याच ठोक्याला पकडते, दुसरी पुढच्या. त्यात दोन्ही चिप्सचे सिंक क्लॉक एकमेकांशी जुळवलेले नसतील तर विचारूच नका.

आता ४ नॅनोसेकंदांची किंमत बघा. त्या वेळात एक डीडीएस जुन्या फ्रिक्वेन्सीवर आहे, दुसरा ५ मेगाहर्ट्झ पुढे गेलाय. ५ मेगाहर्ट्झ गुणिले ४ नॅनोसेकंद म्हणजे ०.०२ आवर्तन, ७.२ अंश. आठपटीनंतर ५७.६ अंश! आणि १४५ वरून १३० ला परतताना उडी १५ मेगाहर्ट्झची, तिथे १७२.८. वर लंबकांनी २.४ अंश म्हटलंय ते आठवा.

गंमत म्हणजे हा उशीर दर वेळी तेवढाच असता तर काही कळलंही नसतं. तीन वेळा पाच पुढे, एकदा पंधरा मागे, बेरीज शून्य, चार पल्सनंतर फेज जागेवर. पण उशीर कधी होतो, कधी नाही, आणि प्रत्येक वेळची चूक पुढच्या पल्समध्ये साठत जाते. म्हणून रिफ्लेक्टर एका जागी थरथरत नाही, भरकटतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर उडीच नाही, म्हणून तिथे सगळं शांत.

नवखी

'साठत जाते' हे नाही कळलं. पुन्हा १३० ला आल्यावर डीडीएस १३० ची फेज नव्याने सुरू करत नाही का?

लंबक

नाही. डीडीएसच्या पोटात एक मोठा ॲक्युम्युलेटर असतो, बहुधा ३२ बिटांचा. दर ठोक्याला त्यात ट्यूनिंग वर्ड मिळवायचा, भरून वाहिला की एक आवर्तन झालं. ही कल्पना टियर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी १९७१ साली मांडली, आणि गाभा आजही तोच आहे. ट्यूनिंग वर्ड बदलला तरी ॲक्युम्युलेटरमधला आकडा तसाच राहतो, नवी बेरीज तिथून पुढे. तरंग कुठे तुटत नाही म्हणून स्पेक्ट्रम स्वच्छ राहतो, संदेशवहनात हे सोयीचं पडतं. रडारला मात्र दुसरंच काही हवं असतं.

तबल्यावर बघा. वादक तीनताल सोडून मधेच झपताल वाजवायला लागला आणि परत तीनतालात आला. तो जिथे सोडला त्याच्या पुढच्या मात्रेपासून सुरू करेल, की मधल्या काळात तीनताल मनात चालूच होता असं धरून त्या हिशेबाने जी मात्रा आली असती ती उचलेल? पहिला प्रकार फेज सलग, दुसरा फेज कोहेरंट. डीडीएस स्वभावाने पहिला आहे. सम चुकते, आणि किती चुकते ते मधे काय वाजवलं यावर ठरतं.

उपाय तीन. एक, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा ॲक्युम्युलेटर सतत चालू ठेवायचा आणि फक्त आउटपुट बदलायचं. एफपीजीएमध्ये (हवी तशी जुळवता येणाऱ्या लॉजिक चिपमध्ये) स्वतःचा डीडीएस लिहिणार असाल तर हे सोपं आहे. दोन, एक जागतिक ठोकागणक ठेवायचा आणि उडीच्या वेळी गणक गुणिले ट्यूनिंग वर्ड करून फेज काढायची. ३२ बिटांच्या वरचं ओसंडलेलं टाकून दिलं की तीच योग्य फेज. तीन, प्रत्येक उडीला ॲक्युम्युलेटर शून्यावर आणायचा. तयार चिप असेल तर तुम्हाला तिसराच सोयीचा. तरंग तुटतो, पण ते पल्स सुटण्याआधीच्या मोकळ्या वेळात होतं, कुणाला त्रास नाही. रिसेट मात्र दोन्ही चिप्समध्ये त्याच ठोक्याला व्हायला हवा, नाहीतर ये रे माझ्या मागल्या.

आणि पीआरआय कंट्रोलरच्या क्रिस्टलवर मोजू नका. तोही त्याच २५० मेगाहर्ट्झवरून मोजा. १०० मायक्रोसेकंद म्हणजे बरोबर २५,००० ठोके.

वेव्हगाईड

हे सगळं मान्य, तरी विचारतो: पल्सगणिक उडी हवीच कशाला? ६४ पल्स एका फ्रिक्वेन्सीवर, मग पुढची. एफएफटी एका गटापुरतीच. गटांमध्ये फेजचं नातं राहिलं नाही तरी चालतं, आणि पीएलएललाही स्थिर व्हायला हवा तेवढा वेळ. दर चौथी पल्स घेताना एका फ्रिक्वेन्सीचा पीआरएफ अडीच किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे संदिग्धतेशिवाय वेग फक्त ±१८.७ मीटर प्रति सेकंदापर्यंत. एवढा त्याग कशासाठी?

दोलायमान

@वेव्हगाईड, पटलं, पण चारही फ्रिक्वेन्सींचे प्रतिसाद जोडून अंतराचं विभेदन वाढवायचं आहे. १ मायक्रोसेकंदाची पल्स १५० मीटरचाच फरक ओळखते. टप्पे जोडताना मधल्या काळात लक्ष्य सरकायला नको, म्हणून आलटून पालटून. त्यामुळे फेज कोहेरंट असणं इथे टाळता येत नाही.

वेव्हगाईड

मग ४० मेगाहर्ट्झचे टप्पे जरा मोठे आहेत. १ मायक्रोसेकंदाच्या पल्सची बँडविड्थ साधारण १ मेगाहर्ट्झ. मधे एवढी मोकळी जागा ठेवून जोडलं तर खोटी शिखरं दर पावणेचार मीटरला उगवतील. तो वेगळा धागा होईल, सोडा.

शेषशून्य

अवांतर, पण वाचनखूण साठवून ठेवा. १ गिगाहर्ट्झला २ चा ३२ वा घात भागला की टप्पा ०.२३२८ हर्ट्झ. १३० मेगाहर्ट्झचा वर्ड निघतो ५५८३४५७४८.४८, आणि १२२.५ चा ५२६१३३४९३.७६. दोन्ही पूर्णांकात बसवताना एक खाली सरकतो, दुसरा वर. फरक ०.७२ टप्पा, आठपटीनंतर १.३४ हर्ट्झ. म्हणजे सगळं निर्दोष बसवलं तरी तुमचा रिफ्लेक्टर सेकंदाला दोन सेंटिमीटर चालणार! दर उडीला रिसेट केलात तर हे साठणार नाही, तो एक फायदाच. १.०२४ गिगाहर्ट्झ क्लॉक घेतला तर मेगाहर्ट्झचे सगळे पूर्णांक आणि अर्धेसुद्धा नेमके बसतात, पण मग ९ गिगाहर्ट्झशी नातं जुळवायचं काम वाढतं.

टांगा_पलटी

म्हणजे चाकं होतीच की!

दोलायमान

अपडेट. पीआरआय आणि इशारा दोन्ही सिंक क्लॉकवरून घेतले, दोन्ही चिप्सचे सिंक क्लॉक जुळवले, दर उडीला रिसेट. रिफ्लेक्टर चारही फ्रिक्वेन्सींवर शून्यात ठाण मांडून बसलाय. शेषशून्यताई, लंबककाका, दंडवत.

मुख्य शिखर टोकदार झाल्यामुळे आता आणखी एक भानगड दिसायला लागली. एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवलं तरी त्याच अंतरावर दोन छोटी शिखरं, एक +१९.५ मीटर प्रति सेकंदाला, एक −१९.५ ला. मुख्य शिखरापेक्षा ४५ डेसिबल खाली. बाकी कुठल्या अंतरावर नाहीत. फेज नॉइज म्हणायचा का हा?

लंबक

नॉइज असता तर पसरट दिसला असता. ही जोडी आहे, सममित आहे, आणि फक्त मोठ्या प्रतिध्वनीच्या अंतरावर आहे. म्हणजे कुणीतरी एलओला किंवा प्रेषणाला मॉड्युलेट करतंय. आयएफ किंवा एडीसीत (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये) थेट घुसलेला सिग्नल सगळ्या अंतरांवर दिसला असता.

१९.५ म्हणजे १.३ किलोहर्ट्झ. पण १० किलोहर्ट्झ पीआरएफमध्ये जे दिसतं ते दुमडलेलं असतं. खरा सिग्नल १.३, ११.३, १०१.३, काहीही असू शकतो. बोर्डावर स्विचिंग रेग्युलेटर कितीवर चालतो?

दोलायमान

डेटाशीटप्रमाणे ३००. आत्ता स्पेक्ट्रम ॲनलायझरवर बघितलं, ३०१.३ किलोहर्ट्झ!

लंबक

सापडला. खात्रीसाठी पीआरआय ९९ मायक्रोसेकंद करा. खरं लक्ष्य जागचं हलणार नाही. हा स्पर मात्र १.७३ किलोहर्ट्झवर जाईल, शिखरं ±२६ च्या आसपास दिसतील.

व्हीसीओला, आठपट करणाऱ्या साखळीला आणि ओसीएक्सओला लिनिअर रेग्युलेटर देणं हा पहिला इलाज. दुसरा थोडा लबाड आहे: रेग्युलेटरलाच मूळ क्लॉकला बांधायचं, असं की प्रत्येक पीआरआयमध्ये त्याची पूर्ण आवर्तनं बसतील. स्पर जात नाही, पण दुमडून शून्य डॉपलरवर पडतो, तिथे आधीच स्थिर वस्तूंचा ढीग असतो. प्रत्यक्ष यंत्रांत हे सर्रास करतात.

आता फेज नॉइजबद्दल, तुम्ही नाव काढलंतच म्हणून. ६०० मीटरवरचा रिफ्लेक्टर त्याची परीक्षा घेऊच शकत नाही. ९ गिगाहर्ट्झचा सिग्नल प्रेषण आणि रिसीव्हर दोन्हीकडे एकच आहे. जाऊन यायला ४ मायक्रोसेकंद, तेवढ्यात त्याचा संथ नॉइज फारसा बदलत नाही आणि मिक्सरमध्ये वजा होतो. १ किलोहर्ट्झ ऑफसेटला ३२ डेसिबलची सवलत. १५ किलोमीटरवरच्या डोंगराला तीच सवलत फक्त ४ डेसिबल, आणि आणखी वरच्या ऑफसेटला तर ६ डेसिबलपर्यंत उलट भुर्दंड. जवळच्या रिफ्लेक्टरवर खूश होऊन यंत्र पुढे पाठवलं की लांबचा डोंगर हिशेब चुकता करतो. दोन डीडीएसचा स्वतःचा नॉइज मात्र वेगवेगळा आहे, त्याला जवळही सवलत नाही.

हे यंत्र वाहनावर चढणार असेल तर ओसीएक्सओ कंपनांपासून वाचवा. क्रिस्टलची संवेदनशीलता १ जी मागे एक अब्जांश धरली, तर १०० हर्ट्झच्या १ जी कंपनाने १० गिगाहर्ट्झवर −२६ डीबीसीचा स्पर उभा राहतो. फेज नॉइजचे कागदावरचे सगळे −१६० चे आकडे तिथे धुऊन जातात.

नवखी

एक शेवटचं. असे आठ-दहा रिसीव्हर एका ॲरेत लावले तर प्रत्येकाला वेगळा पीएलएल द्यायचा की एकच एलओ वाटायचा?

वेव्हगाईड

दोन्ही करतात. वेगळे पीएलएल दिले तर त्यांचा स्वतःचा नॉइज एकमेकांशी असंबद्ध असतो, बेरजेत १० चॅनलला १० डेसिबल फायदा. रेफरन्सचा नॉइज मात्र सगळ्यांत सारखाच, तो कमी होत नाही. बदल्यात प्रत्येक पॉवर ऑनला कुणाची फेज कुठे सुरू झाली ते जुळवत बसा. एकच एलओ वाटला तर फेज ठरलेली, पण १० गिगाहर्ट्झ दहा ठिकाणी सारख्या फेजने पोचवणं सोपं नाही. पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) केबलची फेज १९-२० अंश सेल्सिअसच्या आसपास चांगलीच वाकते, नेमकं प्रयोगशाळेच्या तापमानाला. म्हणून शेवटी कॅलिब्रेशन सिग्नल आत सोडून मोजणं कुणालाच चुकत नाही.

दोलायमान

पीआरआय ९९ केला, शिखरं ±२६ वर गेली! लक्ष्य जागेवर.

रेग्युलेटरला बाहेरून क्लॉक द्यायची सोय आहे. ३०० किलोहर्ट्झ देऊ? १०० मायक्रोसेकंदांत बरोबर ३० आवर्तनं बसतात. पुढे ९० मायक्रोसेकंदांचा दुसरा पीआरआयही वापरायचा आहे, त्यात २७ बसतात.

शेषशून्य

बसतात, पण १०० मेगाहर्ट्झला ३०० किलोहर्ट्झने भागून बघा: ३३३.३३. पूर्ण भाग जात नाही, डिव्हायडर ३३३ आणि ३३४ मध्ये हेलकावे खाईल आणि नवे स्पर देईल. ४०० घ्या. २५० ने नेमका भाग, १०० मायक्रोसेकंदांत ४० आवर्तनं, ९० मध्ये ३६. फक्त इंडक्टर ४०० ला चालतो का ते आधी बघून घ्या.

दोलायमान

चालतो. उद्या वायर टाकतो.